आधी गुंठे मोजा

कांजूरमार्ग स्थानकातून पूर्वेला उतरलं की आधी कारखान्यांची जुनी आवारं, मग द्रुतगती महामार्ग, त्यापलीकडे मिठागरं, महापालिकेची कचराभूमी आणि शेवटी ठाण्याची खाडी. पश्चिमेला उतरलं की लालबहादूर शास्त्री मार्ग, आणि चढ चढत गेलं की पवई, आयआयटी. शास्त्री मार्गावर एके काळी कारखान्यांच्या भोंग्यांवर घरातली घड्याळं लावली जायची. आता तिथे उंच इमारती आहेत आणि प्रत्येक इमारतीच्या जाहिरातीत एक हिरवा चौकोन असतोच. त्या चौकोनाला लॉन म्हणतात. हे पीक खाता येत नाही, विकता येत नाही, पण फ्लॅटच्या भावात ते धरलेलं असतं. आणि ताबा मिळून पहिला पावसाळा गेला की सोसायटीला कळतं, हे दर आठवड्याला कापावंही लागतं.

मग मॅनेजिंग कमिटीत विषय निघतो. माळीकाम घेतलेला कंत्राटदार वेळेवर येत नाही, त्याचा माणूस खांद्यावरच्या ब्रश कटरने गवत कापतो आणि लॉनवर नवशिक्या न्हाव्याने हात फिरवल्यासारखे खड्डे ठेवतो. अशा वेळी कुणाचा तरी मेव्हणा न्यू जर्सीत असतो. त्याच्याकडे रविवारी सकाळी कॉफीचा मग अडकवून, खुर्चीत बसून, जागच्या जागी गिरकी घेत गवत कापणारं मशीन असतं. त्याचा व्हिडिओ ग्रुपवर येतो. ‘आपणही घेऊ या’ असं ठरतं आणि सेक्रेटरी कोटेशनं मागवायला लागतात.

त्या मशीनला झिरो-टर्न म्हणतात. घ्यावं की नाही, घ्यायचं तर कसं निवडावं, हा या प्रकरणाचा विषय. माझं मत आधीच सांगून टाकतो : कांजूरमार्गच्या बहुतेक सोसायट्यांनी ते घेऊ नये. पण का घेऊ नये हे नीट समजलं, तर कुणी घ्यावं तेही त्यातूनच कळतं.

मशीनची रचना सोपी आहे. मागची दोन मोठी चाकं इंजिनाच्या जोरावर फिरतात, पण दोन्ही वेगवेगळी. प्रत्येक चाकाला स्वतःचा तेलाचा पंप आणि त्या तेलाच्या दाबावर चालणारी मोटर. चालवणाऱ्यापुढे स्टिअरिंग नसतं, मांडीवरून पुढे आलेले दोन दांडे असतात. डावा दांडा डाव्या चाकाचा, उजवा उजव्याचा. दोन्ही पुढे ढकलले की मशीन पुढे जातं, दोन्ही मागे ओढले की मागे. एक पुढे आणि एक मागे केला की एक चाक पुढे फिरतं, दुसरं उलटं, आणि मशीन उभ्या जागी वळतं. मेट्रो सहाच्या कामावर जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याच्या कडेला पोकलेन जागच्या जागी फिरताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे तत्त्व वेगळं सांगायला नको. तिथे पट्टे आहेत, इथे चाकं. पुढची दोन चाकं फक्त वजन पेलतात; ढकलू तिकडे वळतात, स्वतः दिशा देत नाहीत. ही गोष्ट लक्षात ठेवा, उताराचा विषय निघेल तेव्हा ती लागणार आहे.

पोटाखाली लोखंडी डेक असतो, उलटी परात जणू, आणि त्यात दोन किंवा तीन पाती आडवी गरगरतात. अमेरिकी सुरक्षा मानकात पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला 19,000 फुटांच्या आत ठेवायचं बंधन आहे. म्हणजे ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. या वेगाने पातं गवताला कापत नाही, झोडपून तोडतं. कात्रीसारखं कापणारं मशीन निराळं. त्याला सिलिंडर किंवा रील म्हणतात, आणि इतिहासात तेच आधी आलं. इंग्लंडमध्ये स्ट्राउडजवळ एडविन बडिंग नावाचा कारागीर होता. तिथल्या कापड गिरण्यांत लोकरी कापडावरची लव साफ करायला फिरत्या पात्यांचं यंत्र असायचं. ते पाहून त्याला गवत सुचलं आणि 1830 साली त्याने पेटंट घेतलं. त्याआधी बंगल्यांपुढची हिरवळ विळ्या-कोयत्यांनी कापली जायची आणि ती राखायला माणसांची फौज लागायची. पुढे मोठी मशीनं ओढायला घोडे आले. खुरांचे ठसे उमटू नयेत म्हणून त्या घोड्यांना कातड्याचे बूट घालत. आपल्याकडे साहेबांनी हीच मशीनं बैलांना जुंपली.

बसून चालवायचं आणि जागच्या जागी वळणारं मशीन मात्र अमेरिकेच्या सपाट मध्य भागातलं. मिझुरी राज्यात मॅक्स स्विशरने 1949च्या सुमारास तीन चाकांचं असं मशीन केलं. आजच्या दोन दांड्यांच्या मशीनचा धागा जातो शेजारच्या कॅन्सस राज्यातल्या हेस्टन या लहानशा गावी. तिथे जॉन रेगियरने साठच्या दशकात हे तंत्र बसवलं आणि एक्सेल इंडस्ट्रीजने ते ‘हसलर’ नावाने बाजारात आणलं. हेस्टन हा गव्हाचा मुलूख. जमीन सपाट, घराभोवती एकरभर गवत, कुंपण नाही, आणि पाऊस बेताचा. तिथल्या शेतकऱ्याला झाडाभोवती गोल फिरून, मागे-पुढे न करता, पटापट गवत कापायचं होतं. मशीन त्या अंगणाच्या मापाचं शिवलेलं आहे. आपण ते अंगात घालण्याआधी आपली छाती मोजलेली बरी.

म्हणून आधी गुंठे. एका गुंठ्यात 1,089 चौरस फूट, म्हणजे साधारण 101 चौरस मीटर. चाळीस गुंठ्यांचा एकर. विक्रेता तुम्हाला डेकची रुंदी इंचांत सांगेल, इंजिन एचपीत सांगेल, पण तुमचं गवत गुंठ्यांत आहे. 48 इंची डेक आणि ताशी आठ किलोमीटर चाल धरली, तर तासाला साडेनऊ हजारांच्या वर चौरस मीटर निघतात, साधारण 96 गुंठे. पट्ट्यावर पट्टा थोडा चढवावा लागतो, वळणं येतात, म्हणून पाचवा हिस्सा वजा करा. 77 गुंठे उरतात. मागून ढकलायचं 21 इंची पेट्रोल मशीन ताशी चार किलोमीटरने चाललं तर त्याच हिशेबाने 17 गुंठे. पिशवी भरली की ओतायला जावं लागतं, ते धरून बाराच म्हणा.

आता सोसायटीकडे या. मुंबईच्या 1991च्या विकास नियंत्रण नियमावलीत अडीच हजार ते दहा हजार चौरस मीटरच्या भूखंडावर 20 टक्के मोकळी करमणुकीची जागा सोडायची होती. त्याहून मोठ्या भूखंडावर 25. म्हणजे अगदी दहा हजार मीटरचा भूखंड घेतला तरी दोन हजार मीटर, वीस गुंठे. त्यातून घसरगुंडी-झोपाळे, चालायची पायवाट, गझिबो, झाडांचे आळे, बाकं आणि अमुक-तमुक नगरसेवकाच्या निधीतून आलेलं व्यायामाचं साहित्य वजा करा. दहा गुंठे सलग गवत उरलं तर नशीब. ढकलायचं मशीन ते पाऊण तासात कापतं. झिरो-टर्न आठ मिनिटांत. वाचली किती, तर आठवड्याला चाळीस मिनिटं, तीही ज्या माळ्याला तुम्ही दिवसाचे पैसे देता त्याची. या चाळीस मिनिटांसाठी काही लाख रुपये मोजायचे. त्या पैशात ढकलायची चार-पाच चांगली मशीनं सहज येतात.

हा हिशेब मांडला की बहुतेक कमिट्यांचा विषय तिथेच संपतो. तरी ज्यांचा उत्साह टिकतो त्यांच्यासाठी पाऊस आहे.

हेस्टनच्या दक्षिणेला विचिटा हे शहर आहे. तिथे वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, जवळपास तेवढा आपल्या सांताक्रूझला एकट्या जुलैत पडतो. आपलं गवत वाढतं ते जून ते सप्टेंबर. हरळी असो किंवा रुंद पात्याचं कार्पेट गवत, या चार महिन्यांत ते आठवड्याला कापलं नाही तर गुडघ्याला लागतं. एका वेळी पात्याच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापू नये हा लॉनचा जुना नियम. कापलं तर खालचा पिवळा देठ उघडा पडतो. म्हणजे गवत थांबायला तयार नाही. आणि झिरो-टर्नच्या पुस्तिकेत, कोणत्याही कंपनीची घ्या, सूचना असते की ओल्या गवतावर चालवू नका. कारण उघड आहे. वळण घेताना एक चाक उलटं फिरतं तेव्हा ते जमिनीवर घासतं. कोरड्या, घट्ट जमिनीत हे खपून जातं. लॉनखाली आपण कर्जत-पनवेलकडून आणून पसरलेली लाल माती असते. ती जुलैत लोण्यासारखी मऊ झालेली असते, आणि तिच्यावर जागच्या जागी गिरकी घेतली की गवताचा गालिचा गोल सोलून निघतो. ज्या कौतुकासाठी मशीन घेतलं तीच गिरकी पावसाळ्यात बंद. मग थोडं पुढे, थोडं मागे, असं तीन टप्प्यांत वळायचं. म्हणजे साध्या ट्रॅक्टरसारखंच. शिवाय ओलं गवत डेकच्या पोटाला लिंपून बसतं, पाती जड होतात, आणि मागे गवताचे गोळे पडत जातात. त्यांच्यामागून गायबगळे मात्र मजेत चालतात, उडालेले बेडूक-किडे टिपत. या सगळ्या व्यवहारात निखळ फायदा त्यांचाच.

म्हणजे ज्या महिन्यांत मशीनची सर्वांत जास्त गरज, त्याच महिन्यांत ते ताडपत्रीखाली उभं. कांजूरमार्गला, किंवा कोकणपट्टीत कुठेही, झिरो-टर्न घेण्यातली ही मूळ अडचण आहे आणि ती कुठल्याही मॉडेलने सुटत नाही.

उताराचंही तेच. पवईच्या बाजूला जमीन चढत जाते आणि तिथल्या आवारांत लॉन टेकाडावर पसरलेलं दिसतं. बहुतेक पुस्तिकांत 15 अंश ही कमाल मर्यादा असते, काहींत दहाच. 15 अंश म्हणजे दहा फुटांत पावणेतीन फूट चढ, डोळ्याला फारसा वाटत नाही. पण पुढची चाकं नुसती भिरभिरणारी, आणि दिशा द्यायची व ब्रेक लावायचा तो मागच्याच दोन चाकांनी. ओल्या उतारावर त्यांची पकड सुटली की दिशाही गेली आणि ब्रेकही गेला. दांडे कितीही ओढा, मशीन पाण्याच्या वाटेने खाली येतं. म्हणून भारी मशीनवर चालवणाऱ्याच्या मागे लोखंडी कमान असते, आणि तिच्यासोबत पट्टा बांधायचाच असतो. पट्ट्याशिवाय कमान माणसाला वाचवत नाही, उलट घात करू शकते. तळ्याकाठी, नाल्याच्या भिंतीलगत, पोडियमच्या कडेला हे मशीन नेऊच नये.

पोडियम म्हणालो, तर तेही. नव्या इमारतींत गाड्या खाली आणि बाग त्यांच्या डोक्यावर. सर्वोच्च न्यायालयाने 2013च्या एका निकालात किमान मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमवर दाखवून चालणार नाही असं सांगितलं. तरी पोडियमवरच्या बागा आहेतच, आणि चांगल्याही आहेत. तिथे लोक विचारतात, स्लॅबला वजन झेपेल का? खरं तर स्लॅबची चिंता कमी आहे. फूटभर ओली माती चौरस मीटरला साडेपाचशे-सहाशे किलो भरते, आणि घरगुती झिरो-टर्न अख्खं मिळून तीनशे-साडेतीनशे किलोचं, व्यावसायिक पाचशे-सहाशेचं. तरी बांधकाम सल्लागाराची चिठ्ठी घ्यावी, पण चिंता करायची ती मातीखालच्या पाणी निचऱ्याच्या जाळीची आणि जलरोधक थराची. चाकं एकाच रांगेतून फिरली की माती दबते, पाणी तुंबतं, आणि खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी गाडीच्या टपावर पांढरे ओघळ येतात. ते ओघळ चुन्याचे असतात आणि रंगासकट निघतात. शिवाय ते मशीन तिथे चढवायचं कसं? सेवा-लिफ्टमध्ये बसत नाही. रॅम्प असेल तर ठीक. स्प्रिंकलरची तोंडं आणि जमिनीत पुरलेले दिवे हा वेगळाच अडथळा. माळी त्यांच्या कडेने हातमशीन सांभाळून नेतो, खुर्चीत बसलेल्याला ते दिसतही नाहीत.

मग हे मशीन घ्यायचं कुणी? क्रिकेटवाले हात वर करतात. हिशेब त्यांच्या बाजूने दिसतो खरा : सत्तर यार्डांच्या सीमारेषेचं मैदान म्हणजे जवळपास 127 गुंठे, 48 इंची मशीनला पावणेदोन तासांचं काम. पण चांगलं आउटफिल्ड पंधरा मिलिमीटरच्या आत कापलेलं लागतं, म्हणजे चेंडू पळतो. झिरो-टर्नचा डेक साधारण इंच-दीड इंचाच्या खाली उतरत नाही, उतरवला तर उंचवटे खरवडतो. तिथे बडिंगच्याच घराण्यातलं, बसून चालवायचं रील मशीन हवं. शाळेचं मैदान, फुटबॉल, कंपनीचं आवार, मोठी संस्था असेल तर विचार करायला हरकत नाही. आयआयटी मुंबईचं पवईचं आवार साडेपाचशे एकरांच्या घरात; त्यातलं बहुतेक झाडी, टेकडी आणि इमारती, पण अशा आवारांत सपाट गवताचे सलग तुकडे एकरांनी मोजावे लागतात. अलिबाग-कर्जतच्या शेतघरवाल्यांपैकी काहींनाही जमेल.

पण माझ्या मते या मशीनचं महाराष्ट्रातलं खरं घर लग्नाचं लॉन आहे. शिळफाट्यापासून भिवंडी, मुरबाड, नाशिक रस्त्यापर्यंत, आणि पुण्याच्या चहूबाजूंना, ‘अमुक लॉन्स’ नावाची मंगल कार्यालयं पसरली आहेत. दोन-तीन एकर सपाट, चौकोनी गवत, मध्ये एकही झाड नाही. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात आणि आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की थांबतात. म्हणजे कमाईचा हंगाम नेमका कोरडा. पाणी घातलेली हरळी एप्रिल-मेच्या उन्हात जोमाने वाढते, आणि एका लग्नाचा मांडव उतरून दुसऱ्याचा चढायच्या आत दोन-तीन तासांत सगळं हिरवं सारखं दिसायला हवं. एवढ्या गुंठ्यांवर, एवढ्या घाईत, कोरड्या जमिनीवर झिरो-टर्नची किंमत वसूल होते. त्यांना धोका वेगळा. मांडववाल्यांचे खिळे, तारेचे तुकडे, बांबूची भोकं, फुटलेल्या काचेच्या बाटल्या. ताशी साडेतीनशेच्या वेगाने फिरणाऱ्या पात्याने खिळा उडवला तर तो बंदुकीच्या गोळीच्याच जातीचा. मांडव उतरला की आधी चुंबकाची पट्टी ओढून घ्यायची, गवत चालत पाहायचं, मग मशीन. आणि मशीन चालू असताना आवारात आचारी, वाढपी, पोरं कुणी नको.

आता निवडीकडे. पहिली गोष्ट डेकची रुंदी, आणि तिच्याआधी फाटकाची रुंदी. 48 इंची डेकच्या बाजूला गवत बाहेर फेकायचं पन्हाळं असतं. ते धरून मशीन पाच फुटांवर जातं. साडेचार फुटांचं फाटक असेल तर 42 इंचांवर थांबा, नाहीतर पन्हाळं वर उचलून रोज कसरत करा. दुसरी गोष्ट डेकचा पत्रा. तो गेजमध्ये सांगतात आणि आकडा जितका लहान तितका पत्रा जाड : 7 गेज म्हणजे साडेचार मिलिमीटर, 10 गेज म्हणजे साधारण 3.4, 12 गेज म्हणजे 2.7. साच्यात दाबून केलेला डेक हलका आणि स्वस्त, पत्रे जोडून वेल्डिंग केलेला जड आणि टिकाऊ. खाडीजवळ खारट हवा आहे, आणि डेकच्या आत ओलं गवत कुजत बसतं. इथे डेक वरून नाही, पोटातून गंजतो. रोजचं काम झालं की आतून धुवून, कोरडा करून ठेवणारा माणूस नसेल तर गेजचा काही उपयोग नाही.

तिसरी गोष्ट बहुतेक ग्राहक विचारतच नाहीत, ती चाकांच्या पंप-मोटरची. स्वस्त मशीनवर ही जोडी सीलबंद असते. तेल बदलायची सोय नाही, बिघडली की अख्खी बदला. महागड्यावर तेल आणि फिल्टर बदलता येतात. आठवड्याला तासभर चालवणाऱ्याला सीलबंद पुरे. रोज चालवणाऱ्याने दुसरंच घ्यावं, कारण मशीनच्या किमतीत इंजिनाच्या खालोखाल खर्च याचाच.

इंजिनाबाबत आपल्याकडे एक नवी गाठ पडली आहे. या मशीनांवर ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन, कोहलर, कावासाकी अशी इंजिनं येतात आणि त्यांच्या पुस्तिकांत पेट्रोलमध्ये इथेनॉल 10 टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं. आपल्या पंपांवर 2023पासून टप्प्याटप्प्याने 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं आणि 2025पर्यंत ते देशभर पसरलं. त्यातलं पुष्कळसं इथेनॉल आपल्याच साखर कारखान्यांचं, त्याबद्दल तक्रार नाही. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. सप्टेंबरपर्यंत टाकीत पडून राहिलेल्या पेट्रोलखाली पाण्याचा थर साचतो, कार्ब्युरेटर गंजतो, रबरी नळ्या फुगतात, आणि वॉरंटी मागायला गेलात तर पुस्तिकेचं पान पुढे येतं. म्हणून कोटेशनबरोबर लेखी विचारा : हे इंजिन 20 टक्क्यांवर चालेल का, आणि वॉरंटी तशी आहे का? तोंडी ‘हो चालतं, सगळे वापरतात’ हे उत्तर धरू नका. हंगाम संपला की टाकी रिकामी करायची. आणि गॅरेजात पेट्रोलचे कॅन रचून ठेवायचे नाहीत. विनापरवाना पेट्रोल साठवायची कायद्याची मर्यादा 30 लिटर आहे.

बॅटरीची झिरो-टर्न आता मिळतात. कॅलिफोर्नियाने तर 2024पासून लहान पेट्रोल इंजिनांची नवी बागकामाची मशीनं विकणंच थांबवत आणलं. बॅटरीला इथेनॉलचा प्रश्न नाही, आवाज कमी, आणि ज्या आवारात दुपारी वामकुक्षी घेणारे ज्येष्ठ सभासद लेखी तक्रार करतात तिथे ही मोठी सोय. पेट्रोल मशीनवर बसणाऱ्याला मात्र कानावर मफ हवेतच. बॅटरीची अडचण तिच्या किमतीत आणि पाच-सात वर्षांनी ती बदलायला विक्रेता त्या धंद्यात उरलेला असेल का, या शंकेत आहे.

विक्रेत्याचाच प्रश्न खरं तर सर्वांत मोठा. हे मशीन आपल्याकडे थोड्यांकडे आहे, आणि ते कुर्ल्याच्या गॅरेजात दुरुस्त होत नाही. पाती फिरवणाऱ्या पट्ट्याचा नंबर, पात्यांचा नंबर, डेकच्या स्पिंडलचे बेअरिंग, दोन्ही फिल्टर, हे सुटे भाग मुंबईत किंवा पुण्यात शेल्फवर आहेत का, ते फोनवर न विचारता जाऊन पाहावं. पाती आणि पट्टा यांचा एक जादा संच पहिल्याच बिलात घ्यावा. पट्टा तुटतो तो नेहमी लग्नाच्या आदल्या दिवशी.

आणि बसणार कोण? दोन दांडे सुरुवातीला फार चपळ वाटतात. ज्याला सवय नाही तो पहिल्या तासात वेलींची कुंपणं पाडतो. आपल्याकडे माळीकाम कंत्राटावर असतं आणि कंत्राट दरवर्षी बदलतं. नवा कंत्राटदार नवा पोरगा पाठवतो. मशीन संस्थेचं, चालवणारा दुसऱ्याचा, बिघाड कुणाचाच नाही. घ्यायचंच असेल तर चालवणारा एकच, त्याचं नाव कागदावर, आणि त्याला पगारात थोडी वाढ. खुर्चीतून उठलं की पाती बंद पडावीत म्हणून खुर्चीखाली एक बटण असतं. ते चिकटपट्टीने दाबून ठेवलेलं दिसलं तर त्या दिवसाचं काम तिथेच थांबवायचं.

जुनं मशीन मिळत असेल तर तासांचं मीटर पाहा, पण त्यावर भिस्त ठेवू नका; खुर्चीचं कापड, पेडलचं रबर आणि दांड्यांच्या सांध्यांतला ढिलेपणा मीटरपेक्षा खरं बोलतात. डेकच्या खाली हात न घालता, वाकून, टॉर्च मारून पत्रा पाहा. पाती बाहेर काढून एका खिळ्यावर मध्यावर टांगा; एक बाजू झुकली तर ते तोल गेलेलं पातं किती दिवस तसंच फिरवलंय आणि त्याने स्पिंडलचं काय केलंय, ते विचारा.

नवं घेत असाल तर डेमो मागा, तोही तुमच्याच जमिनीवर. विक्रेता ऑक्टोबरची तारीख देईल. तुम्ही जुलैची मागा, रात्रभर पाऊस पडून गेलेल्या सकाळची, आणि त्याला सर्वांत उताराचा कोपरा दाखवा. त्याने चाकं खाली उतरवायला नकार दिला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. तो प्रामाणिक माणूस आहे, आणि ढकलायचं मशीन घ्यायचं झालं तर त्याच्याकडूनच घ्या.